स्वातंत्र्याचे माप कोणाच्या हाती?

जगातील देशांची स्वातंत्र्याच्या निकषावर प्रतवारी लावणारे अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि दरवर्षी आपल्याकडे त्यांवर ठराविक साच्यातला वाद रंगतो. २०२१ च्या मार्च महिन्यात वॉशिंग्टनच्या ‘फ्रीडम हाउस’ या संस्थेने भारताला ‘स्वतंत्र’ देशांच्या यादीतून काढून ‘अंशतः स्वतंत्र’ देशांच्या यादीत बसविले. पाठोपाठ स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या ‘व्ही-डेम’ संस्थेने, भारतात निवडणुका होत असल्या तरी राजवट एकतंत्री वळणाची झाली आहे, असा निष्कर्ष काढला. परराष्ट्रमंत्र्यांनी या साऱ्याची संभावना ढोंग म्हणून केली. विरोधकांना तेच अहवाल वेदवाक्यासारखे वाटले. मौजेची गोष्ट अशी की, जागतिक बँकेच्या उद्योगसुलभतेच्या क्रमवारीत भारत २०१४ मधील १४२ व्या क्रमांकावरून २०१९ मध्ये ६३ व्या क्रमांकावर आला, तेव्हा या भूमिकांची नेमकी अदलाबदल झाली होती. पुढे काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे आढळल्याने बँकेने २०२१ मध्ये ती क्रमवारीच बंद केली. ते फेरफार भारताच्या आकड्यांत नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु परक्याच्या मापाचा अभिमान बाळगणे किती जोखमीचे असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

निर्देशांक कसा रचतात हे वर्गात शिकविताना एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी लागते. घाऊक किमतींचा निर्देशांक आणि औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक एकाच अर्थव्यवस्थेकडे पाहतात. पण त्यांच्या टोपलीतल्या वस्तू निराळ्या आणि प्रत्येक वस्तूला दिलेला भार निराळा. म्हणून एकाच महिन्यात एक उतरतो, दुसरा चढतो आणि दोन्हीही खरे असतात. स्वातंत्र्याच्या निर्देशांकाचेही असेच आहे. मतदान, वृत्तपत्रे, न्यायालये ही टोपलीत असलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण गावच्या पाणवठ्यावर निर्धास्तपणे पाणी भरण्याचे स्वातंत्र्य, सावकाराच्या तोंडावर नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य, घरातले आजारपण निघाले असता जमीन न विकता औषधोपचार करण्याचे स्वातंत्र्य, यांना किती भार द्यावयाचा? अमर्त्य सेन यांनी १९९९ च्या ‘डेव्हलपमेंट अ‍ॅज फ्रीडम’ या ग्रंथात हाच प्रश्न विस्ताराने मांडला आहे. ज्या समाजाला ज्या गोष्टीसाठी झगडावे लागले त्या गोष्टीला तो समाज अधिक भार देतो. आणि मग दुसऱ्या खंडातल्या समाजाकडे पाहताना आपला हा भार सार्वत्रिकच आहे, असे धरून चालतो.

अशा पाहण्याचे एक कुप्रसिद्ध उदाहरण आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक होते. कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक १९२७ साली निघाले. बालविवाह, बाळंतपणातले हाल, अस्पृश्यता यांची त्यातली पुष्कळशी वर्णने निराधार नव्हती. पण ती सारी एका निष्कर्षाकडे नेण्यासाठी रचलेली होती: हे लोक स्वराज्यास पात्र नाहीत. फिलिपाइन्सच्या स्वातंत्र्याविरुद्ध याच बाईंनी आधी असेच एक पुस्तक लिहून हात साफ करून घेतला होता. गांधीजींनी ‘मदर इंडिया’ला गटारे तपासणाऱ्याचा अहवाल म्हटले ते प्रसिद्धच आहे. लाला लजपत राय यांनी १९२८ मध्ये ‘अनहॅपी इंडिया’ हे पुस्तक लिहून उत्तर दिले आणि त्यात अमेरिकेतील काळ्या लोकांचे झुंडीच्या हातून होणारे खून पानोपानी मांडले. उत्तर बिनतोड होते. पण ते बिनतोड असूनही त्यामुळे इकडच्या एकाही मुलीचे लग्न चार वर्षे पुढे ढकलले गेले नाही. त्यासाठी १९२९ चा शारदा कायदा करावा लागला, आणि त्याच्यामागे इथल्याच सुधारकांची व स्त्रियांच्या संघटनांची खटपट होती. आज परदेशी अहवालाला उत्तर देताना ‘तुमच्या घरी काय चालले आहे ते पाहा’ असे आपण म्हणतो, तेव्हा लालाजींच्या मार्गानेच जात असतो. फक्त लालाजींनी केलेला अभ्यास मात्र करीत नाही.

परक्याचे माप आणि त्याला दिलेले तोडीस तोड उत्तर, यांखेरीज तिसरीही एक रीत आहे आणि ती एका मुंबईकराने फार पूर्वी घालून दिली. दादाभाई नौरोजींनी इंग्रजी राज्याला भारतीय मापाने मोजले नाही. त्यांनी १८३३ चा सनदी कायदा आणि १८५८ चा राणीचा जाहीरनामा पुढे ठेवला आणि विचारले की, तुम्ही स्वतःच दिलेल्या या वचनांचे काय झाले? त्यांच्या १९०१ च्या ग्रंथाच्या नावातच इंग्रजांचे येथील राज्य हे इंग्रजी परंपरेला न शोभणारे आहे, असा ठपका होता. पुढच्या पिढीतील जहालांना ही भाषा मवाळ वाटली, आणि राजकीय डावपेच म्हणून ती तशी होतीही. परंतु मोजमाप म्हणून तिच्यात जी धार होती ती ओळखली पाहिजे. परक्याचे माप नाकारता येते. स्वतःचे वचन नाकारावयाचे तर आधी ते खोटे होते असे कबूल करावे लागते. त्याच इंग्लंडात लॉर्ड सॉल्झबरी या पंतप्रधानांनी १८८८ मध्ये जाहीर सभेत दादाभाईंचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा करून, ब्रिटिश मतदार अशास निवडून देणार नाहीत, असे भाकीत केले होते. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी थोड्या मतांनी का होईना, दादाभाईंना पार्लमेंटात पाठवून ते खोटे ठरविले.

दादाभाईंची ही रीत अर्धशतकानंतर, बहुधा त्यांचे नावही ध्यानीमनी नसताना, एका स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने वापरली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला गुन्नार मिर्डाल यांच्याविषयी विशेष कुतूहल वाटावे याला कारण आहे: दोन खंडांतील दोन मोठ्या लोकशाह्यांकडे बाहेरून पाहण्याची संधी एकाच माणसाला मिळाल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी कार्नेगी प्रतिष्ठानाला १९३७ च्या सुमारास असा विद्वान हवा होता की, ज्याच्या देशाला साम्राज्याचा इतिहास नाही आणि म्हणून ज्याची नजर स्वच्छ असेल. निवड स्वीडनच्या मिर्डाल यांची झाली. (तसे पाहिले तर कॅरिबियन समुद्रातील सेंट बार्थेलेमी हे लहानसे बेट १७८४ पासून १८७८ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होते आणि तेथे १८४७ पर्यंत गुलामही होते, पण तेवढ्या लहान बेटाची आठवण कोण ठेवतो!) १९३८ साली मिर्डाल अमेरिकेत आले, दक्षिणेतील राज्ये हिंडले, आणि १९४४ मध्ये ‘अ‍ॅन अमेरिकन डायलेमा’ हा सुमारे पंधराशे पृष्ठांचा ग्रंथ बाहेर पडला.

त्यात त्यांनी अमेरिकेला स्वीडनचे माप लावले नाही. सर्व माणसे समान आहेत, कायद्यापुढे सर्वांना सारखा न्याय आहे, ही जी श्रद्धा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेत लिहिली आहे आणि शाळेतले प्रत्येक मूल जी घोकते, ती मिर्डालनी घेतली आणि तिच्या शेजारी दक्षिणेतील वस्तुस्थिती मांडली. वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे, मतदार यादीत नाव घालण्यापूर्वी घेतल्या जाणाऱ्या परीक्षा. हा प्रश्न काळ्या माणसाचा नसून गोऱ्या माणसाच्या विवेकाचा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याचा परिणाम काय झाला ते न्यायालयीन इतिहासात नोंदलेले आहे. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्याच्या निकालपत्रात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अकराव्या तळटीपेत या ग्रंथाचा हवाला दिला. एका परक्याच्या पुस्तकाला दुसऱ्या देशाच्या न्यायालयात असा मान सहसा मिळत नाही. तो मिळाला, कारण पुस्तकातले माप परक्याचे नव्हतेच.

तरीही या ग्रंथात एक उणीव होती आणि ती राल्फ एलिसन या काळ्या कादंबरीकाराने ताबडतोब दाखविली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी लिहिलेल्या, पण वीस वर्षांनी छापल्या गेलेल्या परीक्षणात त्यांनी विचारले की, तीन शतकांहून अधिक काळ एखादा समाज काय केवळ गोऱ्यांच्या वागणुकीला प्रतिक्रिया देत जगतो? त्याचे स्वतःचे म्हणून काही नसतेच? मिर्डालनी गोऱ्याच्या विवेकाला हाक घातली, ते योग्यच. पण ज्याचे स्वातंत्र्य मोजावयाचे तो माणूस या मोजणीत मोजणाऱ्यांच्या पंगतीला नव्हता.

तो माणूस मात्र केव्हापासून समुद्रापलीकडे पाहत होता आणि त्याचे पाहणे अहवालांतून होत नव्हते. महात्मा फुले कधी अमेरिकेस गेले नाहीत. तरी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, उत्तरेचे सैन्य दक्षिणेतून निघाले आणि मुक्त झालेल्या गुलामांचे हक्क पुन्हा एकेक करून हिरावले जाऊ लागले. पण फुल्यांनी अमेरिकेला गुण देण्यासाठी लिहिलेच नव्हते. त्यांना तेथून एक दाखला हवा होता आणि तो खरा होता. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये प्रत्यक्ष तेथे गेल्या. त्यांनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठीत लिहिले. तेथील स्त्रियांच्या संस्था व लोकांनी चालविलेला कारभार पाहून त्या हरखल्या. तथापि वर्णभेदाकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. १९४६ मध्ये अमेरिकेतील काळ्या लोकांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेले जात आहे असे वाचताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांनाही तोच मार्ग धरता येईल काय, हा त्यांचा विचार होता. १९७२ मध्ये मुंबईत निघालेल्या दलित पँथरने तर नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. शंभर वर्षांच्या या धाग्यात कोणीही कोणाला क्रमांक दिलेला नाही. एका ठिकाणी बंधन कसे तोडले, हे दुसऱ्याने पाहून ठेवले, इतकेच.

मिर्डाल यांच्याकडे पुन्हा वळू, कारण त्यांची दुसरी पाहणी आपल्याविषयी आहे. त्यांच्या पत्नी आल्वा मिर्डाल १९६१ पर्यंत काही वर्षे स्वीडनच्या भारतातील राजदूत होत्या. त्या मुक्कामात सुरू झालेल्या कामातून १९६८ साली ‘एशियन ड्रामा’ हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. येथेही त्यांनी जुनीच रीत वापरण्याचा प्रयत्न केला: नियोजन, समता, शिस्त, विवेकनिष्ठा हे जे आदर्श आशियाई नेते स्वतः उच्चारीत होते, त्यांनाच मिर्डालनी माप मानले. आणि निष्कर्ष काढला की, ही ‘सॉफ्ट स्टेट’, म्हणजे ढिली राज्ये आहेत. कायदे होतात, पाळले जात नाहीत. राज्य नागरिकाकडून फारसे काही मागतही नाही. यात आपल्याला न पटण्यासारखे थोडेच आहे! १९६१ चा आपला कमाल जमीन धारणा कायदा आणि त्यानंतर बागायती पट्ट्यांत नातेवाइकांच्या नावे झालेल्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना ढिले राज्य म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मिर्डालना अभिप्रेत असलेला ढिलेपणा मुख्यतः बलवंतांच्या पथ्यावर पडणारा होता, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

पण घरचे माप म्हटले तरी घरात कोणाचे, हा प्रश्न उरतोच. मिर्डालनी ते दिल्लीतील नेत्यांच्या आणि नियोजन मंडळाच्या तोंडून घेतले. कुळाच्या किंवा शेतमजुराच्या तोंडून नव्हे. राज्यकर्त्यांच्या आदर्शांत ‘शिस्त’ हा शब्द असला की तो कोणाला लागू होतो, ते आणीबाणीत दिसले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये, तीन अपत्ये असलेल्या जोडप्यास नसबंदीची सक्ती करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याने हे पान आपल्या इतिहासातून जवळजवळ फाडून टाकले आहे. आणि बाहेरचे जग या वेळी काय पाहत होते? पाश्चात्त्य वृत्तपत्रे सेन्सॉरशिपविरुद्ध लिहीत होती, आणि ते उचितच होते. पण १९७६ च्या नोव्हेंबरात भारतात येऊन गेलेल्या जागतिक बँकेच्या अध्यक्षांना, रॉबर्ट मॅकनमारा यांना, लोकसंख्येच्या प्रश्नावर सरकार निर्धाराने पावले टाकीत आहे याचे समाधान वाटले. संपादकाची लेखणी आणि शेतमजुराचे शरीर यांना एकाच मोजणीत असा विषम भार मिळाला. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेश व बिहार या दोन राज्यांत काँग्रेसला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही, तेव्हा शेतमजुराने त्या गोष्टीला किती भार दिला होता ते कळले.

याहून चमत्कारिक भाग पुढेच आहे. ज्या स्वीडनची नजर स्वच्छ म्हणून मिर्डालना बोलावणे आले, त्या स्वीडनमध्ये १९३४ पासून नसबंदीचा कायदा होता आणि तो १९४१ मध्ये अधिक व्यापक करण्यात आला. त्या धोरणाला मिर्डाल पतिपत्नींनी १९३४ मधील आपल्या लोकसंख्याविषयक पुस्तकात पाठिंबा दिला होता. सुमारे ६३ हजार लोकांवर, त्यांतही बहुसंख्य स्त्रियांवर, या कायद्याखाली शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकींची संमती नावापुरती होती. मंदबुद्धी, भटक्या, ‘बेजबाबदार’ असे शिक्के त्यांच्यावर मारले गेले. संमतीखेरीज नसबंदी करू नये असा नवा कायदा स्वीडनमध्ये लागू झाला तो १ जानेवारी १९७६ रोजी, म्हणजे ज्या वर्षी आमच्या विधिमंडळाने सक्तीचे विधेयक संमत केले त्याच वर्षी! तेथील जनतेत या प्रकरणाचा गवगवा व्हावयास १९९७ उजाडावे लागले. एका दैनिकातील लेखमालेने तो झाला आणि १९९९ मध्ये सरकारने नुकसानभरपाई देऊ केली. तीस वर्षे अमेरिका आणि आशिया यांच्या विवेकाची झडती घेणाऱ्या विद्वानाला आपल्या घरची ही गोष्ट प्रगतीचाच भाग वाटली होती.

म्हणून गोथेनबर्गचा अहवाल फेकून द्यावा काय? तसे मुळीच नाही. तो स्वीडनमधून येतो एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. त्यासाठी मते देणाऱ्यांत त्या त्या देशातले अभ्यासकही असतात. ‘फ्रीडम हाउस’चा बराचसा खर्च अनेक वर्षे अमेरिकी सरकारच्या अनुदानांतून चालत आला ही गोष्ट खरी, पण त्याच संस्थेने २०१० ते २०२० या काळात अमेरिकेचे गुण ९४ वरून ८३ वर आणले, हीदेखील खरीच. आपल्या सरकारच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२२ मध्ये या निर्देशांकांच्या पद्धतीवर एक टिपण काढून, ते मूठभर तज्ज्ञांच्या मतांवर आधारलेले आहेत, असा आक्षेप घेतला. आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. मग मतांवर आधारलेले नसलेले आकडे घेऊ आणि माप दादाभाईंच्या रीतीने आपल्याच संविधानातून घेऊ.

कलम २१ अन्वये कायद्याने ठरविलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तिघे, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अद्याप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही असे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ ज्याने खटल्यावाचून तुरुंगात काढला त्याला सर्वसाधारणपणे सोडावे, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ मध्ये घातली गेली. २०२४ मध्ये अंमलात आलेल्या नव्या संहितेने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यांसाठी ती मुदत एकतृतीयांशावर आणली. हे आकडे आणि ही कलमे कोणा परक्याची नाहीत. अशा कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असते, आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावयाची असते.